एक हात पाठीमागे

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. वळसंगच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं आणि किराणाच्या चिठ्ठीपुरतं. तेव्हा हे जो कोणी वाचेल त्यानं चुकांकडे पाहू नये, मला काय म्हणायचं आहे तेवढं घ्यावं. लिहा असं रेहाना म्हणाली. माझ्या भावाच्या हाताखाली ती पीएचडी करत होती. पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या होत्या, त्यातही आडनाव चुकलं होतं. ती म्हणाली, "अक्का, तुमी लिहा की. मी नीट उतरवून पुरवणीला देते. द्यावं नाही वाटलं तर राहू द्या घरातच." म्हणून दुपारी भांडी झाली की दार लोटून थोडं लिहिते. कोणाची चाहूल लागली की कागद उशीखाली सारते. मला कोणापुढं बोलायला जमत नाही, तसं कोणापुढं लिहायलाही जमत नाही.

त्या दिवशी आमच्या शुक्रवार पेठेत पाणी यायचं होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाकीचं सगळं सोडून पिंप, घागरी, बादल्या भरून घ्याव्या लागतात. मी नळाला पाइप लावून बसले होते. दत्ता, माझा धाकटा भाऊ, लवकरच कॉलेजात गेला होता. फोन वाजला आणि त्यावर त्याचाच फोटो आला. मी ओल्या हातानं उचलला आणि त्याला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "डबा विसरलास न्हवं? हितंच हाय ओट्यावर. देते कुणाकडं तरी लावून." पलीकडून रेहाना बोलली. "अक्का, मी हाय. तुमी रिक्षानं या." मी म्हणाले, दत्ताला दे. ती म्हणाली, "तुमी या पहिलं…" नळ तसाच चालू राहिला. संध्याकाळी त्याला घरी आणलं तेव्हा जिन्याच्या पायऱ्या ओल्या होत्या, आणि शेजारच्या बायका आमच्या घरातलं पाणी खराट्यानं बाहेर काढत होत्या.

दवाखान्यात मी त्याला पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं, झोपल्यासारखा होता. उजव्या तळव्यावर एक काळा डाग आणि उजव्या गुडघ्यावर एक. एवढ्याशा डागांनी माणूस जातो हे मला खरं वाटेना. रेहाना भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, सर उताणे पडले होते आणि डावा हात पाठीखाली अडकला होता, तो आम्ही सोडवला. डॉक्टर म्हणाले, पडताना तसा दुमडला असेल. पण तो हात तिथं का होता ते मला ठाऊक होतं.

आम्ही वळसंगचे. वडील शाळेत शिपाई होते, शेत थोडं होतं. आईला दम्याचा त्रास, म्हणून माझी शाळा चौथीनंतर सुटली आणि दत्ताला सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. तो शिकला, पुण्यात राहिला, गुजरातेत एका मोठ्या प्रयोगशाळेत काही वर्षं होता, आणि मग सोलापुरात कॉलेजला फिजिक्स शिकवायला आला. माझे मालक लवकर गेले, तेव्हा तो मला न्यायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, मला सयपाक येत न्हाय, चल." वास्तविक तो माझ्यापेक्षा चांगली आमटी करायचा. लग्न त्यानं केलं नाही… केलं नाही म्हणण्यापेक्षा राहून गेलं. गुजरातेतली नोकरी का सोडली असं मी विचारलं की म्हणायचा, तिथली मशीन घराएवढी, तिथं मी नटबोल्ट होतो, हितं माझी स्वतःची छोटी मशीन हाय.

ती मशीन त्यानं मला एका रविवारी दाखवली. पोलादाचं एक आडवं पिंप, त्याला जाड काचेची खिडकी, आजूबाजूला पाइप आणि तारा. पिंपातली हवा पंपानं काढून टाकायची, अगदी थोडा वायू आत सोडायचा आणि त्यातून एकदम मोठी वीज पाठवायची. मग त्या वायूचा प्लाझ्मा होतो. हा शब्द त्यानं मला भाकरी थापताना समजावला होता. वायू खूप तापला की त्याचे कण फुटतात आणि त्या तुकड्यांवर वीज असते, तो प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्ये तोच, आभाळातल्या विजेत तोच, आणि सूर्य तर सगळा त्याचाच. मी म्हणाले, सूर्यावर आग असते ना. तो म्हणाला, आगीला जळायला काहीतरी लागतं, तिथं जळत काही नाही. मी विचारलं, मग एवढं तापलेलं ते एका जागी राहतं कसं, भांडं तर वितळेल. त्यावर तो एकदम खूश झाला, म्हणजे मी बरोबर विचारलं होतं.

तो म्हणाला, "पाटलांच्या खळ्यावर कुत्रं बांधलेलं असायचं, आठवतंय? दोन खांबांना तार ताणलेली आणि साखळीची कडी तारेत." मला आठवत होतं. ते कुत्रं तारेच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं, पण तारेपासून साखळीपेक्षा लांब त्याला जाता यायचं नाही. आम्ही पलीकडून त्याला चिडवत जायचो. दत्ता म्हणाला, चुंबकाच्या रेषा म्हणजे ती तार आणि प्लाझ्माचा एकेक कण म्हणजे ते कुत्रं. तार डोळ्यांना दिसत नाही, पण कुत्रं कुठं पळतंय त्यावरून ती कुठं आहे ते कळतं. भांडं नकोच, रेषा धरून ठेवतात.

मग त्यानं दिवे घालवले आणि मला खिडकीशी उभं केलं. टप् असा आवाज झाला. मी दचकून डोळे मिटले आणि उघडले तोवर सगळं संपलेलं. तो म्हणाला, "एवढा खटाटोप केला आणि तू डोळे मिटलीस व्हय." दुसऱ्या वेळी मी डोळे ताणून धरले. काळोखात जांभळट-गुलाबी रंगाची एक कमान उभी राहिली आणि गेली. बैलाच्या शिंगांसारखी वर चढून आत वळलेली. तेवढंच. तो म्हणाला, अशाच कमानी सूर्यावर असतात, पण त्यातल्या एकेकीखाली कितीतरी पृथ्व्या मावतील. पुढं गच्चीवर त्यानं लाल काचेच्या दुर्बिणीतून तीही दाखवली. सूर्याच्या कडेला एक लालसर केस चिकटल्यासारखा दिसत होता. हलत नव्हता. मला वाटलं काचेवर काही पडलंय.

त्याचा सगळा जीव त्या केसात होता. प्रयोगशाळेतली कमान पापणी लवायच्या आत जाते. सूर्यावरची कमान दिवसच्या दिवस, कधी आठवडे शांत उभी असते. आणि मग काहीही कारण दिसत नसताना एके दिवशी सुटते आणि आभाळात फेकली जाते. का सुटते, कधी सुटते, हे त्याला शोधायचं होतं. त्याचं म्हणणं होतं की ती शांत नसतेच. तिचे दोन्ही पाय सूर्याच्या अंगावर रोवलेले असतात, ते अंग सारखं फिरत-हलत असतं आणि कमानीला आतून पीळ बसत जातो. हे दाखवायला त्यानं माझ्या परकराची नवी नाडी घेतली. एक टोक मला धरायला दिलं, दुसरं तो पिळत राहिला. नाडी आधी ताठ झाली, नुसती ताठ, बाकी काही फरक नाही. मग एकाएकी मधेच उसळली आणि तिला कडी पडली. तो म्हणाला, "बघितलंस? शांत दिसतंय म्हणून रिकामं समजायचं न्हाय." हे वाक्य तो प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायचा, आणि सूर्यासाठी सांगायचा तसंच कपॅसिटरसाठीही.

कपॅसिटर म्हणजे वीज साठवायचे डबे. तेलाच्या डब्यासारखे करडे, ओळीनं मांडलेले. भिंतीतली वीज हळूहळू त्यांत भरायची आणि सगळी एका दणक्यात पिंपात सोडायची, तेव्हा ती कमान उठते. मेन स्विच बंद केला तरी त्या डब्यांत वीज राहू शकते. ना आवाज, ना दिवा, ना वास. मीटरही मेनबरोबरच बंद पडतो. म्हणून हात लावायच्या आधी अर्थिंगची काठी लावायची. लांब काठी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड वायर, वायर भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला बोल्टनं आवळलेली, आणि पट्टी बाहेर जमिनीत पुरलेली. आकडा डब्याला लावला की उरलेली वीज जमिनीत जाते. त्यांचा ठरलेला रिवाज होता. दत्ता विचारायचा, सप्लाय? रेहाना पडद्याच्या पलीकडून म्हणायची, बंद. मग काठी लावली की तो मोठ्यानं म्हणायचा, काठी लावली. तेव्हाच ती जागेवरून उठायची. कोणाला हसू आलं तरी चालेल, पण यातला एक शब्द गाळायचा नाही.

आणि तरीही, काठी लावल्यावरही, एक हात पाठीमागे. दोन्ही हात लावले आणि वीज आलीच तर ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जाते, काळजातून. एक हात मागे असला तर वाचायची थोडी आशा. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही मिक्सर लावताना, गिझर चालू करताना, साधं दिव्याचं बटण दाबताना त्याचा डावा हात पाठीवर जायचा. मी त्याला हवालदार म्हणायची. पण त्यानं मलाही सोडलं नाही. ओल्या हातानं बटणाला हात लावला की ओरडायचा, आणि मग माझा डावा हात स्वतः धरून माझ्या पाठीमागे ठेवायचा. लहानपणी मी त्याला शेंबूड पुसायला जसं धरायची, तसं.

दुसरी गोष्ट त्या खड्ड्याची. पट्टी जिथं जमिनीत जाते तिथं मीठ आणि कोळसा घालून खड्डा केलेला असतो, आणि तो ओला राहावा लागतो. कोरड्या मातीत वीज जिरत नाही. सोलापूरचा उन्हाळा, जमिनीला बोटभर भेगा. कॉलेजात प्यायलाच टँकरचं पाणी, तिथं खड्ड्याला कोण घालणार. म्हणून आमच्याकडं पाणी आलं की दत्ता पहिला कॅन खड्ड्यासाठी भरायचा आणि स्कूटरवर पायाशी ठेवून न्यायचा. मी कुरकुर करायची. आपण आंघोळीला मोजून घेतो आणि तू दगडमातीला पाजतोस. तो म्हणायचा, "त्या मातीला तहान लागली तर आमचं काय खरं न्हाय." पोरं त्या खड्ड्याला सरांचं झाड म्हणायची. अजून पालवी न्हाय का फुटली, असं कॅन्टीनवाला रोज विचारायचा, आणि दत्ता रोज सांगायचा, फुटंल की, तुमच्या उधाऱ्या वसूल व्हायच्या आधी फुटंल.

मार्चात कॉलेजला कमिटी येणार होती. मोठी माणसं येऊन सगळं बघून कॉलेजला गुण देतात, त्यावर पुढचं बरंच असतं. सगळीकडं रंगरंगोटी सुरू झाली. दत्ताच्या प्रयोगशाळेची पाळी शेवटी आली, कमिटीच्या आदल्या दिवशी. तो वैतागला होता, पण मनातून खूशही होता, कारण कित्येक वर्षं तो रंग मागत होता. भिंतीवरची अर्थिंगची पट्टी हिरवीच असावी लागते म्हणून हिरव्या रंगाचा डबा त्यानं स्वतः आणून दिला. रात्री जेवताना म्हणाला, "आमची लॅब नवरीसारखी दिसायलीय, अक्का. उद्या पावणे बघायला येणार." सकाळी लवकर जाऊन तो एकदा सगळं चालवून बघणार होता, कारण प्राचार्य साहेबांनी सांगितलं होतं की कमिटीसमोर कमान उठलीच पाहिजे. त्या घाईत डबा ओट्यावर राहिला.

पुढचं मला रेहानानं सांगितलं. तिनं ते इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ती ते सपाट आवाजात सांगते. त्यांनी एकदा मशीन चालवली. टप् आवाज झाला पण कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं चित्र काळं आलं. दत्ताला वाटलं कुठला तरी जोड ढिला आहे. सप्लाय? बंद. काठी लावली. आणि तो डब्यांच्या मागे गुडघा टेकून बसला…

चौकशी झाली. कॉलेजनं तीन माणसं नेमली. अहवाल मला वाचून दाखवला. त्यात होतं की काठी जमिनीवर पडलेली सापडली, म्हणजे ती लावली नव्हती. रेहाना म्हणाली की सर मोठ्यानं म्हणाले होते, तर त्यांनी लिहिलं, विद्यार्थिनी सरांची बाजू घेणं स्वाभाविक आहे. बाहेरून आलेल्या विजेच्या इन्स्पेक्टरनं अर्थिंग तपासलं होतं. खड्ड्यावर त्यानं मीटर लावला. खड्डा उत्तम, ओलावा भरपूर, सोलापुरात एवढं चांगलं अर्थिंग क्वचित बघायला मिळतं, असं लिहिलं. म्हणजे व्यवस्थेत दोष नव्हता. दोष माणसात होता. माझ्या भावानं घरचं पाणी नेऊन नेऊन जो खड्डा ओला ठेवला, तोच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. धक्क्यानं खिडकीची काच तडकली होती, दोन डबे आणि कॅमेरा गेला होता. ते नुकसान प्राध्यापकांच्या निष्काळजीपणामुळं झालं, म्हणून त्याला कॉलेजकडून येणं असलेल्या पैशांतून कापून घेणार होते.

मला पैशाचं काही वाटलं नाही. कोणाला खोटं वाटेल, पण खरंच नाही. मला तो शब्द लागला. निष्काळजी. वर्षानुवर्षं दिव्याचं बटणसुद्धा एक हात पाठीवर ठेवून दाबणाऱ्या माणसाला. मी साहेबांच्या खोलीत बसले होते. समोर काचेचं टेबल, पंखा फिरतोय, रेहाना माझ्या शेजारी. साहेब म्हणाले, "बाई, आम्हालाही दुःख आहे. पण नियम सगळ्यांना सारखा." मला सांगायचं होतं की त्याचा डावा हात पाठीखाली होता. काठी न लावता पुढं जाणारा माणूस एक हात मागे ठेवत नाही. मरतानासुद्धा तो नियमात होता. तोंडाशी आलं सगळं… आणि जीभ उचलली नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. क्लार्कनं पैसे कापायला कबूल असल्याचा कागद पुढं केला. रेहाना एकदम म्हणाली, "अक्का, सही करू नका." मी केली नाही. तेवढंच माझ्या हातून झालं. पैसे त्यांनी तरीही कापलेच.

त्यानंतर काही आठवडे घरात नुसते गेले. भाकऱ्या दोघांच्या व्हायच्या. रात्री मला एकच विचार यायचा, आणि तो मी रेहानालाही सांगितला नाही. की त्यानं खरंच काठी लावली नसेल तर? घाई होती, कमिटी यायची होती. तोंडानं सवयीनं बोलला असेल, हातानं केलं नसेल. माणूसच होता. मग त्याची ती सगळी शिस्त, मला ओरडणं, पाण्याचे कॅन, सगळं एका सकाळी खोटं पडलं असं होईल. मेलेल्या माणसावर असा संशय घेत मी त्याच्या फोटोपुढं उदबत्ती लावायची.

मे महिन्यात रेहानाला तिचं सामान न्यायला लॅब उघडून दिली. दत्ताचंही काही असेल तर घ्या म्हणाले, म्हणून मी बरोबर गेले. त्याच्या चपला दाराशी होत्या, रबरी बूट घालायच्या आधी काढलेल्या. खुर्चीवर नॅपकिन. भिंती अजून नव्या, रंगाचा वास तसाच. रेहाना काठी उचलून नुसती हातात धरून उभी राहिली. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं खिशातला छोटा मीटर काढला. दोन सुया असतात, दोन्हीमधून वीज जात असेल तर तो टीं वाजतो. एक सुई तिनं काठीच्या आकड्याला लावली, दुसरी भिंतीवरच्या हिरव्या पट्टीवर थोडा रंग खरवडून तिथं. वाजला नाही. तिनं सुई दाबली. नाही. मग वायरच्या टोकाला, जिथं ती बोल्टखाली आवळलेली होती तिथं, लावली. टीं. पुन्हा पट्टीला. काही नाही. वायर चांगली होती, पट्टी चांगली होती, बोल्ट घट्ट होता, आणि तरी दोघांमधून काही जात नव्हतं.

मी विचारलं, काय झालं? ती खाली बसली. म्हणाली, "रंग हाय अक्का. बोल्टच्या खाली रंग हाय." रंगाऱ्यानं पट्टी नीट रंगवायची म्हणून बोल्ट काढला, वायर बाजूला केली, मागं-पुढं छान हिरवा हात दिला, आणि वाळल्यावर सगळं होतं तसं आवळून ठेवलं. वरून काहीच दिसत नव्हतं. उलट आधीपेक्षा सुंदर दिसत होतं. पण वायर तांब्यावर नाही, रंगावर बसली होती. मेन बंद केल्यावर मशीन डब्यांत उरलेली वीज आपोआप जमिनीत सोडते, ती वायरही त्याच बोल्टला. म्हणजे दत्तानं काठी लावली ती नुसती काठीच होती, आणि धक्क्यात ती खाली पडली. डब्यात वीज उरली असली की काठी लावताना ठिणगी उडते. ती उडाली नाही, तेव्हा त्याला वाटलं डबे रिकामे आहेत. मी बोल्टकडं हात नेला तर रेहानानं माझं मनगट धरलं. "हात नका लावू. आपण उघडला तर म्हणतील, तुमीच रंग लावला." तिनं त्या इन्स्पेक्टरला फोन केला. तो आला, मोबाइलवर चित्रण करत त्यानं स्वतः पाना फिरवला. बोल्टखाली हिरवंगार. पाना खाली ठेवून तो म्हणाला, "मी खड्डा तपासला. हा बोल्ट नाही तपासला." रेहाना म्हणाली, "सरांनी बी न्हाय तपासला. आमी पण न्हाय. रंग झाल्यावर एकदा टीं करून बघायला पायजे होतं… वेळच कुटं होता."

ते मी इथं लिहिते, कारण दत्ताला खोटं लिहिलेलं चाललं नसतं. त्यानंही बघायला हवं होतं. रंगाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, कमिटी दाराशी होती, हिरवा डबा त्यानंच आणला होता. कोणा एकाचं नाव घेऊ? पण काठी त्यानं लावली होती. ते नक्की झालं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले, आणि पहाटे उठून खूप रडले, कारण संशय होता तोवर त्याच्यावर रागवता तरी येत होतं.

आणखी एक गोष्ट रेहानानं मला जूनमध्ये दाखवली. त्या सकाळचं काळं चित्र कॉम्प्युटरमध्ये राहिलं होतं. तिनं ते उजळत उजळत नेलं. कमान आली होती. कॅमेऱ्याचं सेटिंग जास्त प्रकाशासाठी केलेलं होतं, म्हणून ती दिसली नव्हती, एवढंच. कुठलाही जोड ढिला नव्हता. आणि कमानीच्या माथ्यावर, अगदी नाडीला पडली होती तशी, कडी पडलेली. सुटण्याच्या क्षणाची. रेहाना म्हणाली, सर हेच शोधत होते, इतकं स्वच्छ आधी कधी मिळालं नव्हतं. मी ते चित्र बराच वेळ बघितलं. जे दुरुस्त करायला तो उठून गेला ते बिघडलेलंच नव्हतं. आणि जे त्याला बघायचं होतं ते त्याच्या पाठीमागे काळ्या पडद्यावर होतं.

दुसरा अहवाल आला, तो एका पानाचा. त्यात निष्काळजी हा शब्द नव्हता. चूक झाली असंही कुठं नव्हतं. पूर्वीच्या निष्कर्षांचा फेरविचार करण्यात आला, एवढंच, आणि कापलेली रक्कम वारसास परत करण्यात येईल. साहेब घरी आले नाहीत, शिपायानं पाकीट दिलं. रेहाना चिडली, माफी मागायला पाहिजे म्हणाली. मी म्हणाले, जाऊ दे. तिची मशीन अजून त्याच खोलीत आहे, तिला अजून तिथंच काम करायचं आहे. आता नळाला पाणी आलं की पहिला कॅन मी तिच्यासाठी भरून ठेवते आणि ती स्कूटरवरून घेऊन जाते. बोल्टखालचा रंग तिनं स्वतः खरवडला आणि रोज सकाळी टीं ऐकल्याशिवाय ती मेनला हात लावत नाही.

काल मी बँकेत गेले. आत काउंटरवर बोलायला नको म्हणून मी नेहमी बाहेरच्या मशीनवरच पासबुक भरून घेते. रांग नव्हती. मशीनच्या फटीत मी उजव्या हातानं पासबुक सरकवलं. तिथला वॉचमन जवळ आला आणि म्हणाला, "मावशी, डाव्या हाताला काय लागलंय का?" मी बघितलं. माझा डावा हात पाठीवर होता, मूठ मिटलेली.

"न्हाय," मी म्हणाले. "सवय हाय."

मशीन खरखरली, ओळ उमटली, पासबुक बाहेर आलं. खिडकीच्या काचेचे, दोन डब्यांचे, कॅमेऱ्याचे, जे जे त्याच्या नावावर मांडलं होतं ते सगळं त्या एका आकड्यात होतं, तो मी बोट ठेवून वाचला. पैसे परत आले होते. पूर्ण.